आज्ञावलीसोबत अक्षरसंच : एक दुर्लक्षित बाब

'आचार्याला बोलवा' आणि 'आचाऱ्याला बोलवा' या दोन वाक्यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्याने विद्वान गुरू येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. हा सारा अर्थभेद 'र' या अक्षराच्या एका लहानशा वळणावर अवलंबून आहे. ते वळण संगणकाच्या पडद्यावर आणि छापील कागदावर जसेच्या तसे उमटावयाचे, तर योग्य अक्षरसंच, म्हणजे व्यवहारात आपण ज्यास फाँट म्हणतो तो, त्या संगणकावर असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातील दाखल्यांचे काम पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. ज्या संगणकावर आज्ञावली तयार झाली होती, तेथे दाखले सुवाच्य निघत. तीच आज्ञावली दुसऱ्या संगणकावर चालविली असता नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. दूरच्या गावाहून आलेल्या एका वृद्ध भगिनीस त्या दिवशी दाखल्यावाचून परत जावे लागले. दोष कर्मचाऱ्याचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. आज्ञावलीसोबत तिचा फाँट पाठविण्याचे राहून गेले होते, एवढेच.

संकेत आणि आकार

संगणक अक्षर साठवितो ते संकेताच्या रूपाने. त्या संकेतास दृश्य आकार देण्याचे काम फाँट करतो. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसविलेले असत. त्यामुळे तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले आणि मजकूर सुरक्षित राहण्याची सोय झाली. तथापि आकाराचा प्रश्न त्यामुळे संपला नाही. संकेत शाबूत असूनही त्याचा आकार उपलब्ध नसेल, तर चौकोनच दिसतो.

विंडोज २००० या प्रणालीबरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट आला. त्याचे आरेखन प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे होते. परंतु प्रत्येक संगणकावर तोच फाँट असेल, असे गृहीत धरणे योग्य नाही. अपेक्षित फाँट न मिळाल्यास संगणक दुसरा फाँट योजतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि नमुन्यातील मजकूर चौकटीबाहेर जातो. म्हणून आज्ञावलीने आपला फाँट आपल्यासोबतच न्यावा, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो.

परवान्याचा प्रश्न

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फाँट विकत घेतला म्हणजे तो इतरांस वाटण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. संगणकावर फाँट वापरणे, दस्तऐवजात तो अंतर्भूत करणे आणि आज्ञावलीसोबत तो वितरित करणे या तीन भिन्न बाबी असून प्रत्येकीस परवान्याची अनुमती आहे किंवा कसे, हे पाहावे लागते.

मुक्त परवान्याचे फाँट या दृष्टीने सोयीचे होत. २००७ साली एसआयएल या संस्थेने आपल्या 'ओपन फाँट लायसन्स'ची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. या परवान्याचा फाँट कोणत्याही आज्ञावलीसोबत देता येतो. ती आज्ञावली विक्रीची असली तरी हरकत नाही. मात्र केवळ फाँट विकता येत नाही; परवान्याचा मजकूर व स्वामित्वाची नोंद सोबत द्यावी लागते; आणि फाँटमध्ये बदल केल्यास मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फाँटास देता येत नाही. 'लोहित देवनागरी', 'मुक्त' व 'नोटो सान्स देवनागरी' हे फाँट या परवान्याखाली उपलब्ध आहेत.

जोडणीची रीत

फाँट संगणकाच्या सामाईक संग्रहात बसविता येतो. परंतु त्यासाठी बहुधा विशेष अधिकार लागतात आणि आधीच असलेल्या समान नावाच्या फाँटशी गोंधळ होण्याचा संभव असतो. त्यापेक्षा फाँट आज्ञावलीच्या स्वतःच्या संचिकेत ठेवावा आणि आज्ञावली सुरू होताच तो केवळ तिच्या उपयोगापुरता उघडावा. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींत अशी सोय आहे. आज्ञावली बंद झाली की त्या फाँटचा अंमलही संपतो.

या रीतीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आज्ञावलीतून निघालेला मजकूर अन्यत्र पाठविल्यास हा खासगी फाँट त्याबरोबर जात नाही. म्हणून दाखला वा अहवाल बाहेर द्यावयाचा असेल, तेव्हा तो फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ स्वरूपात द्यावा.

चाचणी

केवळ फाँट दिल्याने काम पुरे होत नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारानंतर येतो, पण लिहिताना अक्षराआधी येतो. जोडाक्षरांत आकार बदलतात. ही जुळणी करणारी यंत्रणा आज्ञावलीत असावी लागते. 'हार्फबझ' ही अशी मुक्त यंत्रणा प्रचलित आहे. तसेच जागा वाचविण्यासाठी फाँटमधील अनावश्यक वाटणारे आकार गाळण्याचा मोह टाळावा. आज अनावश्यक वाटलेले जोडाक्षर उद्या एखाद्या नागरिकाच्या आडनावात असू शकते.

वितरणापूर्वी मराठी फाँट मुळीच नसलेल्या संगणकावर आज्ञावली चालवून पाहावी. 'कऱ्हाड', 'दऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'लक्ष्मी', 'ॲड.' यांसारखे शब्द पडद्यावर व कागदावर, साध्या व ठळक अशा दोन्ही वळणांत तपासावेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आणि रुपयाचे '₹' हे चिन्ह २०१० साली समाविष्ट झाले. त्याआधीच्या फाँटांत ते नसण्याचा संभव अधिक.

नागरिकाचे नाव हा त्याच्या ओळखीचा पहिला पुरावा होय. ते शुद्ध उमटण्यासाठी काही शे किलोबाइटांची एक संचिका सोबत द्यावी लागत असेल, तर तेवढी तजवीज आज्ञावली सोपविण्यापूर्वीच करावी. नंतर ती करण्याची पाळी दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसावर येऊ नये.