करंट देण्याआधी

८०८५चं जुनं ट्रेनर किट हाती आलं की पहिली ऊर्मी येते ती पाच व्होल्ट जोडून डिस्प्ले उजळतो का ते बघायची. तेवढं करू नका.

चंद्रपुरातल्या एका संस्थेने निर्लेखित केलेल्या सामानातून मला असं किट मिळालं. मॉनिटर प्रोग्रामची इप्रॉम जागेवर होती, पण तिच्या काचेवरचा स्टिकर गळून पडला होता. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जाणाऱ्या गावात कागदाचा डिंक कुठवर टिकणार? त्यात किट खिडकीलगतच्या रॅकवर होतं. थेट उन्हात ही चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत.

पुसलेल्या चिपमधून सगळीकडे एफएफ वाचलं जातं, आणि ८०८५साठी एफएफ म्हणजे आरएसटी ७ ही आज्ञा. प्रोसेसर ०००० पासून सुरू होतो, ००३८वर उडी घेतो, तिथेही एफएफ, पुन्हा उडी. दर उडीला परतीचा पत्ता स्टॅकवर लिहीत तो रॅमही भरून टाकतो. बाहेरून किट मेल्यासारखं दिसतं आणि लोक धडधाकट प्रोसेसर बदलत बसतात. लॉजिक प्रोब लावून अॅड्रेस लाइन बघा. हालचाल दिसली तर प्रोसेसर चालू आहे, प्रोग्राम गेलेला आहे.

म्हणून आधी इप्रॉम काढा, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलत. जुने पाय काळे पडून ठिसूळ झालेले असतात, एकीकडून स्क्रूड्रायव्हर घातला की तुटतात. काच झाका, चिप रीडरवर वाचा, पुन्हा वाचा, फाइली ताडून बघा. माझ्या चिपची वाचनं एकमेकांशी जुळत नव्हती. म्हणजे चार्ज विरत चालला होता, पूर्ण गेला नव्हता. अशा वेळी पुरवठा साडेचार व्होल्टच्या आसपास उतरवून वाचावं. दुबळ्या झालेल्या पेशी तेव्हा शून्य म्हणून ओळखल्या जातात. बराच भाग परत मिळाला, काही बाइट मात्र हातचे गेलेच.

मॅन्युअल वाळवीने खाल्लं होतं. वाट दाखवली ती गडचिरोलीत राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जपलेल्या प्रॅक्टिकल जर्नलांनी. बेरीज, चढता क्रम, बाइटांची अदलाबदल: प्रत्येक प्रयोगात पत्ता, ऑपकोड, निमॉनिक असे रकाने, शाईने आखलेले. प्रोग्रामचा पहिला पत्ता रॅम कुठे सुरू होते ते सांगतो. कॉलपुढचे पत्ते मॉनिटरमधलं डिस्प्लेचं रूटीन कुठे आहे ते सांगतात. इंटेलच्या एसडीके-८५च्या मॅन्युअलमध्ये मॉनिटरचं संपूर्ण लिस्टिंग छापलेलं आहे. रिकाम्या जागा भरताना त्याचा आधार फार मोठा. पण ते जसंच्या तसं जाळू नका. तिथे रॅम २०००वर सुरू होते; तुमच्या किटच्या कंपनीने ती दुसरीकडे नेलेली असू शकते.

नवी चिप जाळताना नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. इंटेलच्या २७३२ला पंचवीस व्होल्ट लागतात, २७३२एला एकवीस. त्या एका ‘ए’कडे दुर्लक्ष झालं की चिप संपली. बाजारात घासून पुन्हा छापलेल्या चिपाही येतात, तेव्हा छपाईवर अॅसिटोनचा बोळा फिरवून बघावा.

चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोलीत ज्यांच्या माळ्यावर अशी जर्नलं असतील त्यांनी ती रद्दीत देण्याआधी पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि प्रयोग कोणत्या किटवर केले होते तेही सोबत लिहावं.