रक्ताच्या कर्करोगातील ताप आणि पहिला एक तास

रक्ताच्या कर्करोगावर आज परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जा प्रत्यारोपणास प्रारंभ झाला आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील खारघर येथे त्याच संस्थेचे 'ॲक्ट्रेक' केंद्र कार्यरत आहे. तथापि, केमोथेरपी घेऊन काशीद-मुरूड परिसरातील घरी परतलेल्या रुग्णास रक्तातील जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. रुग्ण व नातेवाइकांनी तो समजून घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

कारणे : केमोथेरपीमुळे जंतूंशी लढणाऱ्या 'न्यूट्रोफिल' या पांढऱ्या पेशी घटतात. त्यांची संख्या दर मायक्रोलिटरला ५०० पेक्षा कमी झाल्यास धोका फार वाढतो. त्याच वेळी आतड्याच्या अस्तरास इजा होऊन ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू रक्तात शिरतात. शिरेत बसविलेल्या नळीवाटेही ते प्रवेश करतात. पेशींअभावी पू वा सूज फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हेच एकमेव लक्षण असते.

उपचार : १००.४ अंश फॅरनहाइट ताप तासभर टिकल्यास किंवा एकदाही १०१ अंशांवर गेल्यास ती तातडीची अवस्था समजावी. रुग्णालयात पोहोचताच 'ब्लड कल्चर'साठी रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता, एका तासाच्या आत शिरेतून व्यापक प्रभावाचे प्रतिजैविक सुरू करावयाचे असते. अहवालास एक-दोन दिवस लागतात. त्यानुसार औषध बदलता येते. आपल्या देशात यांपैकी अनेक जंतू मेरोपेनेमसारख्या औषधांनाही दाद देत नाहीत. म्हणून कल्चर हा अनावश्यक खर्च नव्हे.

आपल्या परिसराचा प्रश्न : काशीदहून खारघरला रस्त्याने सुमारे तीन तास लागतात. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळील पूल कोसळून मार्गच खंडित झाला होता. पहिला मोलाचा तास प्रवासात जाऊ नये, यासाठी जवळच्या सुसज्ज रुग्णालयात रक्त देऊन पहिली मात्रा घ्यावी, मूळ केंद्रातील डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलावे आणि मगच पुढे जावे.

रुग्णांच्या कुटुंबीयांस नम्र विनंती, की घरी थर्मामीटर ठेवावा, उपचारांची कागदपत्रे हाताशी असावीत, तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये आणि दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नये. हिशेब सांभाळणाऱ्याच्या दृष्टीनेही वेळेवर दिलेली पहिली मात्रा अतिदक्षता विभागातील दिवसांपेक्षा स्वस्त असते. रुग्णाच्या दृष्टीने तर ती अमूल्यच होय.