चार चौकोन कशासाठी?

चि. मनू,


तुझ्या पोस्टरचं कच्चं डिझाइन मिळालं. तमाशातून निवृत्त झालेल्या कलावंतिणीवरचा तुमचा लघुपट, आणि पोस्टरवर तिचा चेहरा चार चौकोनांत: गुलाबी, पिवळा, निळा, हिरवा. ‘पॉप आर्ट जमलंय का?’ असं तू विचारलंस. रंग जमलेत. पण चौकोन चार कशासाठी, हे पोस्टर बघून कळत नाही. उद्या हेच डिझाइन एखाद्या क्रिकेटपटूच्या चित्रपटालाही चालून जाईल.

पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलचं ‘मॅरिलिन डिप्टिक’ हे चित्र मोठं करून बघ. अभिनेत्री मॅरिलिन मन्रो १९६२च्या ऑगस्टमध्ये गेली आणि त्याच वर्षी त्याने ते केलं. मूळ फोटो तिच्या ‘नायगारा’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीचा. डावीकडे २५ चेहरे रंगीत, उजवीकडे तेच २५ काळे-पांढरे. केस, पापण्या, ओठ यांचे सपाट रंग आधी भरले आणि त्यावर फोटोचा काळा छाप सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, मारला. छाप जरा सरकला की लाली ओठांबाहेर जाते. रंग मुखवट्यासारखा चेहऱ्यापासून सुटा दिसतो. उजवीकडे कुठे शाई इतकी दाटते की चेहरा बुजतो, आणि कडेला जाता जाता तो पुसट होतो. जगाने पाहून पाहून झिजवलेली बाई त्या पुनरावृत्तीत दिसते. म्हणून तिथे चेहरा पुन्हापुन्हा येणं गरजेचं आहे.

वॉरहॉलनेच १९८२ साली दिग्दर्शक फासबिंडरच्या ‘केरेल’ या चित्रपटाचं पोस्टर केलं. त्यात चौकोनांची जाळी नाही. दोन पुरुषांचे चेहरे एकमेकांना भिडलेले आहेत. त्या चित्रपटाची वासना त्याला तेवढ्यात मांडता आली.

तुझ्या कलावंतिणीकडेही दोन चेहरे आहेत: फडावरचा आणि घरातला. रंग फक्त फडावरच्या चेहऱ्याला दे आणि तो मुद्दाम थोडा सरकव. कामाला लागताना एका बाजूने कडक प्रकाश पडलेला फोटो निवड. मधल्या छटा काढून टाक. डोळे, नाकाखालची सावली आणि ओठ एवढं उरलं तरी माणूस ओळखू यायला हवा. रंग तीन-चारच ठेव. मग मोबाइलवर नखाएवढं करून बघ. तिथे चेहरा आणि नाव दोन्ही वाचता आले, तर पोस्टर उभं राहिलं.

आणखी एक, सगळ्यांत महत्त्वाचं. फोटो कुणाचा? फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने एकदाच वापरण्याच्या परवानगीवर तो घेतला आणि वॉरहॉलकडून चित्र करून घेतलं. त्याने मात्र त्यावरून अख्खी मालिका केली. २०१६ साली प्रिन्स गेल्यावर त्यातलं एक चित्र एका विशेष अंकाच्या मुखपृष्ठावर आलं; गोल्डस्मिथ यांना ना पैसे मिळाले, ना श्रेय. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. रंग बदलले म्हणून दुसऱ्याचा फोटो आपला होत नाही.

तेव्हा आधी फोटोग्राफरची आणि त्या बाईंची लेखी परवानगी घे, पोस्टरवर फोटोग्राफरचं नाव टाक, आणि मगच रंगाला हात लाव.

तुझा,
मामा