मोटारसायकलच्या ट्यूबेस पडलेले छिद्र

वाटेत बाभळीचा काटा टायरात शिरला म्हणजे सकाळचे दूध डेअरीच्या वेळेस पोहोचत नाही व नासते. तेव्हा हे काम शेतकऱ्यास स्वतःस येणे इष्ट होय. चाक उतरवून वालची पिन काढावी, सर्व हवा सोडावी, आणि टायराची कड रिमेच्या मधल्या खोलगट भागात दाबून पट्टीने उचलावी. ट्यूबेत हवा भरून ती पाण्यात धरली असता बुडबुडे निघतात तेथे छिद्र समजावे. ती जागा कोरडी करून पॉलिशकागदाने खरवडावी, सोल्यूशन लावावे, व ते बोटास चिकटेनासे झाल्यावरच ठिगळ दाबावे. घाई नडते ती येथेच.

परंतु ट्यूब दुरुस्त झाली तरी काटा पुष्कळदा टायरातच मोडून राहिलेला असतो. आम्ही एकदा तो न शोधताच चाक बसविले, आणि कोसभर गेलो नाही तोच पुन्हा छिद्र पडले! टायराच्या आतून फडके फिरवावे. ते अडकेल तेथे काटा. (नुसते बोट फिरविणारास काटा लवकर सापडतो खरा, पण बोटात.) बसविताना ट्यूबेत थोडी हवा असावी, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. कडेचा शेवटचा भाग वालपाशी यावा. छिद्र वालच्या मुळाशीच असेल तर ठिगळाच्या नादी न लागता नवी ट्यूब घालावी.