टेकडीवरचे गाव आणि इतिहास : लुकानियाच्या तीन साक्षी

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत शेकडो लहान गावे डोंगरांच्या उतारांवर आणि माथ्यांवर, आपल्या शेतांपासून दूर वसलेली आहेत. दुरून पाहणाऱ्याला खडक कोठे संपला आणि घरे कोठे सुरू झाली हे सहसा सांगता येत नाही. कदाचित यामुळेच ही गावे निसर्गाचाच एक भाग आहेत, ती अनादी काळापासून अशीच आहेत आणि इतिहास त्यांच्या पायथ्याशीच थांबला आहे, असा समज साहित्यात रूढ झाला. प्रस्तुत लेखात दक्षिण इटलीतील लुकानिया, म्हणजे आजचा बासिलिकाता, या प्रदेशाच्या आधारे हा समज तपासून पाहावयाचा आहे. या प्रदेशातील गावांविषयी विसाव्या शतकाच्या मध्यास तीन प्रकारच्या लेखकांनी लिहिले : एका स्थानबद्ध चित्रकाराने, एका अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने आणि गावातच जन्मलेल्या एका कवीने. या तिघांच्या साक्षी एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे गावाचे वर्णन करणे ही किती जबाबदारीची गोष्ट आहे, हे ध्यानात येते.

१

प्रथम भूमीचा विचार करू. लुकानियातील गावे उंचावर का वसली, या प्रश्नाचे उत्तर निसर्गापेक्षा इतिहासातच अधिक सापडते. नद्यांच्या खोऱ्यांत उन्हाळ्यात हिवताप माजत असे. सखल भाग लुटारूंच्या आणि सैन्यांच्या वाटेवर होता. सरंजामदाराचा गढीवजा वाडा माथ्यावर असे आणि त्याच्या आश्रयाने वस्ती वाढत असे. परिणामी शेतकरी राहावयाचा वर आणि त्याचे शेत असावयाचे खाली, कित्येकदा दोन-तीन तासांच्या वाटेवर. पहाटे गाढवासह उतरणे आणि अंधार पडता परत चढणे हा दिनक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. जंगले तुटत गेली तसा चिकणमातीचा उतार उघडा पडला, पावसाने चिरला आणि त्यातून ‘कालांकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उजाड घळी तयार झाल्या. येथील वस्तीला कड्याचा आधार आहे तसेच कड्याचे भयही आहे. क्राको हे गाव १९६३ च्या भूस्खलनानंतर सोडून द्यावे लागले. आज ते ओसाड उभे आहे.

जमिनीची मालकी हा या इतिहासाचा दुसरा धागा होय. नेपल्सच्या राज्यात १८०६ मध्ये सरंजामशाही कायद्याने रद्द झाली. परंतु गावाच्या सामाईक जमिनींचा मोठा भाग शेतकऱ्यांऐवजी नव्या जमीनदारांच्या हाती गेला. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले. नव्या राज्याने कर आणि सक्तीची सैन्यभरती आणली, पण जमीन मात्र दिली नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत या डोंगरांत जी बंडाळी माजली, तिला सरकारने दरोडेखोरी म्हटले आणि ती लष्करी बळाने मोडून काढली. बंड शमल्यावर लोकांनी दुसरा मार्ग धरला, तो समुद्रापलीकडचा. पंतप्रधान झानार्देल्ली १९०२ मध्ये या प्रदेशाच्या दौऱ्यावर आले असता मोलितेर्नो गावच्या नगराध्यक्षाने आठ हजार नागरिकांच्या वतीने त्यांचे स्वागत केले आणि त्यांपैकी तीन हजार अमेरिकेत असून उरलेले पाच हजार जाण्याच्या तयारीत आहेत अशी पुस्ती जोडली, असे सांगितले जाते. ज्या गावाचे निम्मे मन न्यूयॉर्कमध्ये गुंतलेले आहे, त्याला जगापासून तुटलेले म्हणणे कठीण आहे.

२

तथापि लुकानियाची जी प्रतिमा जगभर पसरली ती नेमकी तुटलेपणाची. तिचा कर्ता कार्लो लेवी. १९०२ मध्ये तुरिन येथे जन्मलेला हा चित्रकार वैद्यकाचा पदवीधर होता. फॅसिस्ट राजवटीला विरोध केल्याबद्दल १९३५ मध्ये त्याला लुकानियात स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम ग्रास्सानो येथे आणि नंतर आलियानो येथे. १९३६ मध्ये त्याची सुटका झाली. या वास्तव्यावरचे ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’ हे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आलियानोला त्याने ‘गाल्यानो’ असे नाव दिले आहे.

शीर्षकाचा अर्थ धार्मिक नाही. तेथील शेतकऱ्यांच्या बोलीत ‘ख्रिस्ती’ या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असा होतो. रेल्वे आणि रस्ता समुद्रकिनारा सोडून जेथे आत वळतात त्या एबोलीपर्यंतच ख्रिस्त आला, म्हणजे त्यापुढे आम्हांला कोणी माणसांत धरीत नाही, हा त्या उक्तीचा आशय. लेवीने तिचा विस्तार केला : येथे काळ आला नाही, राज्यसंस्था आली नाही, इतिहास आला नाही. अन्यायाविरुद्धचे आरोपपत्र म्हणून या विधानाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते घेतले तर लेवीचेच पुस्तक त्याच्या विरुद्ध साक्ष देते. गावाजवळच्या एका खोल दरीला लोक ‘बेर्सालिएरेची दरी’ म्हणतात, हे त्यानेच नोंदविले आहे. बेर्सालिएरे म्हणजे एकीकरणानंतर उत्तरेकडून आलेल्या सैन्यातील बंदूकधारी शिपाई. बंडखोरांनी त्याला तेथे लोटून दिले होते. म्हणजे जी भूमी इतिहासरहित म्हणून वर्णिली आहे, तिच्या नावांतच इतिहास मुरलेला आहे. घरोघरी भिंतीवर विज्जानोच्या मादोन्नाशेजारी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे चित्र टांगलेले त्याने पाहिले. गाल्यानोत बाराशे माणसे राहतात आणि गाल्यानोची दोन हजार माणसे अमेरिकेत आहेत, हा हिशेबही त्याचाच. शेळ्यांवर बसविलेल्या कराची हकीकत त्याने सांगितली आहे. तीवरून राज्यसंस्था येथे आली नव्हती असे नव्हे, तर ती केवळ वसुलीसाठी आली होती असे दिसते. लेवीचा द्रष्टेपणा त्याच्या सिद्धांतापेक्षा त्याच्या तपशिलांत अधिक आहे, असे म्हणावे लागते.

३

दुसरी साक्ष एडवर्ड बॅनफील्ड याची. १९५४-५५ मध्ये काही महिने तो सहकुटुंब लुकानियातील क्यारोमोंते या गावी राहिला आणि १९५८ मध्ये त्याने ‘मागासलेल्या समाजाचा नैतिक पाया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावाला त्याने ‘मोंतेग्रानो’ हे नाव दिले. येथील माणूस केवळ आपल्या कुटुंबाच्या तात्कालिक लाभाचा विचार करतो आणि इतरही तसेच करतील असे गृहीत धरतो. म्हणून गावात सहकार्य निर्माण होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. या वृत्तीला त्याने जी संज्ञा दिली तिचा अनुवाद ‘नीतिनिरपेक्ष कुटुंबनिष्ठा’ असा करता येईल. लेवीच्या मते गावाला जगाने वगळले होते. बॅनफील्डच्या मते गावाचे मनच त्याच्या आड येत होते. भूमिका परस्परविरुद्ध असल्या तरी त्यांत एक साम्य आहे. दोघांच्याही मांडणीत गावकरी स्वतः काही घडवीत नाही.

गावच्या सामाजिक जीवनाकडे पाहिले तर हे चित्र अपुरे वाटते. मातेरा येथील ‘सास्सी’ या खडकात कोरलेल्या वस्तीत काही घरे मिळून एक सामाईक अंगण असे. त्या शेजाराला ‘विचिनातो’ म्हणत. पाणी, चूल आणि मुले यांबाबतची देवघेव या अंगणात चाले. बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणारे धर्मपित्याचे नाते रक्ताच्या नात्याइतके बांधील मानले जाई. आच्चेत्तूरा येथे पेंटेकोस्टच्या सुमारास ओकचा प्रचंड बुंधा बैलांच्या जोड्यांनी ओढून आणतात आणि त्यावर दुसऱ्या रानातून आणलेला हॉलीचा शेंडा बसवून वृक्षांचे लग्न लावतात. एवढा खटाटोप एकेकट्या कुटुंबाला साधणारा नव्हे.

४

तिसरी साक्ष रोक्को स्कोतेल्लारो याची. त्याचा जन्म १९२३ मध्ये त्रिकारिको येथे झाला. वडील चांभारकाम करीत. आई शिवणकाम करी आणि निरक्षर शेजारणींची पत्रे लिहून देई. १९४६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो त्रिकारिकोचा नगराध्यक्ष निवडून आला. त्याच्या कारकिर्दीत, १९४७ मध्ये, गावात रुग्णालय सुरू झाले. जमिनीसाठी चाललेल्या शेतकऱ्यांच्या चळवळीत तो त्यांच्या बाजूने उभा राहिला. १९५० मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपावरून त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी मोठ्या जमीनदाऱ्यांच्या विभागणीचा कायदा झाला. १९५३ च्या डिसेंबरात अवघ्या तिसाव्या वर्षी स्कोतेल्लारो मरण पावला. त्याचा काव्यसंग्रह आणि ‘दक्षिणेचे शेतकरी’ हा ग्रंथ १९५४ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

‘दक्षिणेचे शेतकरी’ या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. त्यात शेतकऱ्यांच्या जीवनकथा बव्हंशी त्यांच्याच शब्दांत येतात. त्यांतील माणसे खटले लढवितात, अर्ज करतात, खंडाचा हिशेब मांडतात आणि सरकारशी वाद घालतात. येथे ‘शेतकरी’ हा एक गूढ समूह राहत नाही. प्रत्येकाला आपला भूतकाळ आणि आपले मत आहे. लेवी आणि स्कोतेल्लारो यांचा निकटचा स्नेह होता आणि तरुण कवीचे मोठेपण लेवीने जाहीरपणे सांगितले, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोघांमधील अंतर सहानुभूतीचे नव्हते, ते उभे राहण्याच्या जागेचे होते.

५

हा भेद केवळ साहित्याच्या चर्चेपुरता नाही. लेवीच्या पुस्तकात त्याच्या बहिणीच्या तोंडून मातेराच्या सास्सींचे जे वर्णन येते, त्याने देशाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ मध्ये कायदा होऊन ही वस्ती रिकामी करण्यास आरंभ झाला आणि पुढील काळात सुमारे पंधरा हजार माणसे हलविली गेली. रोगराई आणि दाटी भयानक होती. स्थलांतराची गरज खरी होती. ला मार्तेल्ला या नव्या गावाची आखणी करताना लुदोविको क्वारोनी या वास्तुविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या शेजाराचे रूप जपण्याचा प्रयत्नही केला. पण घराचा आराखडा नेता येतो तसा शेजार नेता येत नाही. १९९३ मध्ये तीच विवरे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. एकाच वस्तीला चाळीस वर्षांच्या अंतराने एकदा लाजिरवाणी आणि एकदा गौरवास्पद ठरविण्यात आले. दोन्ही वेळा निर्णयाचा प्रारंभ बाहेरच्या नजरेतून झाला.

लेवी १९७५ मध्ये निवर्तला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचे दफन आलियानोत झाले. आज त्या गावाची लोकसंख्या हजाराच्याही आत आहे. तो राहिला ते घर पाहावयास वाचक येतात. पुस्तकाने गावाला कीर्ती दिली, परंतु त्याची माणसे त्याला परत मिळाली नाहीत.

भारतीय भाषांतील ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकाला या तीन साक्षींपासून एक कसोटी घेता येईल. एखादी कृती गावाविषयी किती करुणा दाखविते एवढेच पाहून भागत नाही. त्या गावातील जमीन कोणाची होती, कर कोणी घेतला, कोण सोडून गेले आणि उरलेल्यांनी काय केले, या प्रश्नांना त्या कृतीत जागा आहे काय, हे पाहावे लागते. जेथे ही जागा आहे तेथे, लेखक बाहेरचा असो वा आतला, गाव इतिहासाबाहेर राहत नाही.