ध्वनिलहरींना शिवाशिव नसते : नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि आपण

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. तत्पूर्वी सातच आठवडे आधी, ३१ जानेवारीस, 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी 'केडीकेए' या केंद्राने राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचे निकाल हवेतून ऐकविले आणि नियमित नभोवाणीच्या युगास प्रारंभ झाला.

या घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तरीही वर्गात हा विषय शिकविताना आम्ही त्या एकाच फळ्यावर लिहितो. कोणाचा आवाज, किती दूर आणि कोणाच्या परवानगीने पोहोचतो, हा एकच प्रश्न त्या तिन्हींच्या मुळाशी आहे. नभोवाणीचा इतिहास यंत्रांचा आहे, तितकाच तो या प्रश्नाचाही आहे.

भारतातील आरंभ

आपल्या देशात १९२३ साली मुंबईच्या हौशी रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली. १९३० साली सरकारने प्रक्षेपण आपल्या हाती घेतले आणि ८ जून १९३६ रोजी त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्यास अवघी सहा केंद्रे आली. पुढे १९४८ साली नागपूर, १९५३ साली पुणे आणि १९६३ साली सांगली अशी केंद्रे महाराष्ट्रात उभी राहिली. कोल्हापूरकरांच्या दोन पिढ्यांचे कान सांगली केंद्रावरच घडले.

प्रारंभीचे संच झडपांचे असत. त्यांस वीज अथवा जड बॅटरी लागे, छपरावर तार बांधावी लागे आणि टपाल कार्यालयात दरवर्षी परवाना शुल्क भरावे लागे. साहजिकच रेडिओ ही प्रथम वाड्यांतील आणि बंगल्यांतील वस्तू झाली. १९६० नंतर स्वस्त ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोहोचू लागले, तेव्हा कोठे तो कष्टकऱ्यांच्या हाती आला.

चावडीचा रेडिओ

आमच्या लहानपणी गावचा एकमेव सार्वजनिक रेडिओ चावडीत असे. सायंकाळी बातम्या लागत. गावकरी आत घोंगडीवर बसत. आमच्या वस्तीतील माणसे पायरीखाली उभी राहून ऐकत. कोणी हाकलीत नसे, पण कोणी 'वर या' असेही म्हणत नसे. पाऊस आला की आतल्यांसाठी दार लोटले जाई आणि आमच्यासाठी बातमीपत्र तेथेच संपे.

आमचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. पै पै साठवून त्यांनी एक ट्रान्झिस्टर घेतला आणि तो घरात न ठेवता वस्तीच्या पारावर ठेवला. १४ एप्रिलच्या सायंकाळी बाबासाहेबांवरील कार्यक्रम ऐकावयास सारी वस्ती तेथे जमली. त्यात म्हाताऱ्या होत्या, तान्ही मुले होती. कोणीही उभे नव्हते. ध्वनिलहरींना शिवाशिव नसते, ती संच ठेवणाऱ्या माणसांना असते, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. पुढे इतिहासाच्या पुस्तकांतून आम्ही बरेच शिकलो, पण हा धडा त्यांच्या आधीचा आहे.

ऐका, चर्चा करा, कृती करा

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करून मंडळातील सभासदांनी चर्चा करावयाची, निर्णय घ्यावयाचा आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवावयाच्या, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. श्रोतृमंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढल्याचे तीत आढळले. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगाचे मर्म श्रवणोत्तर चर्चेत होते. यंत्र एका दिशेने बोलते. चर्चा त्यास दुसरी दिशा देते. मात्र चर्चेच्या वर्तुळात कोण बसले आणि कोण पायरीखाली राहिले, हा प्रश्न चावडीचा रेडिओ अनुभवलेल्या आम्हांस पाहणीतील आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो.

बाबासाहेब आणि ध्वनिक्षेपक

बाबासाहेबांनी या माध्यमाचे सामर्थ्य ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी नभोवाणीवरून भारतीय कामगारांची भूमिका मांडली. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता हे आपल्या जीवनाचे तत्त्वज्ञान असल्याचे सांगितले आणि ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे स्पष्ट केले. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून त्यांनी बौद्ध धम्म आपणांस का प्रिय आहे, हे जगास सांगितले.

तथापि वस्तीवस्तीत त्यांचा विचार प्रामुख्याने पोहोचविला तो भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि शाहिरांनी. ज्यांच्यापाशी संच नव्हता, त्यांची नभोवाणी म्हणजे डफ आणि कंठ.

चित्रे आली, प्रश्न राहिला

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र आले. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रकल्पाने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्याचे कार्यक्रम दाखविले. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. १९८७ पासून रविवारच्या पौराणिक मालिकांनी रस्ते ओस पाडले. १९९० नंतर उपग्रह वाहिन्यांचा पूर आला. पडद्यावर घरे दिसू लागली, परंतु आपल्या वस्तीसारखे घर क्वचितच दिसले. स्वतः दिसणे आणि केवळ पाहणे यांतील अंतर आपल्या मुलांनी दीर्घकाळ सोसले आहे. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मराठी मालिका सुरू झाली, तेव्हा अनेक घरांत आजी-आजोबा नातवंडांना जवळ घेऊन का बसले, याचे उत्तर या अंतरात आहे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडसारख्या दुष्काळी भागात 'माणदेशी तरंग' हे केंद्र २००८ पासून स्थानिक बोलीत बोलत आहे. श्रोता वक्ता होऊ शकतो, याचा हा पुरावा होय.

आपले कर्तव्य

आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइल हे एकाच वेळी ग्राहक यंत्रही आहे आणि प्रक्षेपकही. बोलण्यास परवाना लागत नाही; म्हणून खोटेही विनापरवाना फिरते. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश येथे मार्गदर्शक ठरतो. केवळ कानी आले, परंपरेने आले अथवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये. ते हितकारक आहे की अहितकारक, हे स्वतः पारखावे.

माजी विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. पुढील वेळी घरी जाल, तेव्हा आजीपाशी बसा आणि तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. तिने कोणते पाणी भरले, कोणत्या पायरीखाली ती उभी राहिली, वस्तीत पहिला रेडिओ कोणी आणला, हे तिला विचारा. माणगावच्या त्या दोन दिवसांचा आवाज आपल्यापाशी नाही. आजीचा आवाज अद्याप आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या गावी पहिला सार्वजनिक रेडिओ वा दूरचित्रवाणी संच कोठे ठेवला होता? तेथे कोणास बसता येई?
२. काल मोबाइलवर आलेला एखादा संदेश कालामांच्या कसोटीवर पारखून पाहा.
३. आपल्या शाळेचे रेडिओ केंद्र निघाले, तर पहिल्या अर्ध्या तासात कोणाचा आवाज ऐकवाल आणि का?