शौलाचे चिलखत

शास्त्रवाचन : १ शमुवेल १७:३८–४०; कलस्सैकरांस पत्र ३:२०–२१
वर्ग : तरुण संघ. शक्य असल्यास आईवडिलांसह घ्यावा.

दावीद व गल्याथ यांची गोष्ट शब्बाथशाळेतले लहान मूलही सांगू शकते. मात्र मधली तीन वचने आपण घाईने ओलांडतो. रणात उतरण्यापूर्वी शौल राजाने दाविदाच्या अंगावर आपले चिलखत चढवले, डोक्यावर टोप ठेवला. दाविदाने त्या जामानिम्यानिशी चालून पाहिले आणि सवय नाही म्हणून तो उतरवला. शिक्षकांनी येथे थांबून वर्गाला विचारावे : शौलाने ते चिलखत दुष्टपणाने दिले काय? नाही. त्याच्याजवळ जे उत्तम होते ते त्याने दिले. बरे, दाविदाने ते फेकून दिले काय? तेही नाही. आधी घालून पाहिले, मग काढले.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत या चिलखताचे नाव एमबीबीएस असे आहे. मुलाने अकरावीला जीवशास्त्र घेतले की घरात डॉक्टर जन्मला असे धरून चालतात. प्रवेश मिळाला नाही तर मूल बी.एस्सी. करते, पण ती तीन वर्षे म्हणजे जणू स्टेशनावरचा मुक्काम, खरी गाडी अजून यायचीच आहे, असे घरातले सर्व समजून असतात. या समजुतीला आपल्यात इतिहासही आहे. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ सुरू केले, तेव्हापासून मिशनच्या दवाखान्यांनी आपल्या कित्येक घराण्यांना अन्न, शिक्षण व मान दिला. त्या उपकाराची आठवण ठेवणे योग्यच आहे. पण त्या दवाखान्यात डॉक्टरांखेरीज दुसरे कोणी काम करीतच नव्हते, अशी आपली आठवण होऊन बसली आहे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या मंडळीतील एका मुलीने बारावीनंतर दोनदा आणि बी.एस्सी.ला असताना एकदा नीट परीक्षा दिली होती. उपकारस्तुतीच्या उपासनेत प्रार्थना करताना मी तिचा ‘आमची भावी डॉक्टर’ असा उल्लेख केला. सर्वांनी मोठ्याने आमेन म्हटले. मला वाटले, लेकराला धीर दिला. तिसऱ्यांदा निकाल लागला आणि ती उपासनेला येईनाशी झाली. दोन महिन्यांनी मी घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, “काका, नापास झाल्याचे मी सोसले असते. पण तुम्ही सगळ्यांनी आमेन म्हटले होते. आता मी देवालाही खोटे पाडले असे वाटते.” उपदेशकाला याहून कडक उपदेश कोणी केला नसेल.

त्या घराच्या बैठकीत आजीचा फोटो होता. पांढरा पोशाख, डोक्यावर परिचारिकेची टोपी. आजीविषयी वडील अभिमानाने बोलत. पण मुलीने बारावीनंतर नर्सिंगचे नाव काढले होते तेव्हा याच वडिलांनी ताट बाजूला सारले होते! मी विचारले, “भाऊ, तुम्हाला नेमके काय हवे आहे?” बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, “लोक विचारतात, पोरगी काय करते? बी.एस्सी. सांगितले की पुढे कोणी काही विचारतच नाही.” मग हळूहळू बाकीचे निघाले. आपल्यामागे तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये. आजीसारखे लोकांच्या उपयोगी पडावे. म्हणजे मागण्या तीन होत्या : मान, पोटापाण्याची शाश्वती आणि सेवा. डॉक्टर या एका शब्दात तिन्ही बांधून ठेवल्या होत्या. गाठोडे सोडले तेव्हा दिसले की शाश्वती आणि सेवा यांना दुसऱ्याही वाटा आहेत. मानाचा प्रश्न मुलीचा नव्हताच.

आता वस्तुस्थिती पाहू. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरात सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले, आणि एमबीबीएसच्या सरकारी-खाजगी मिळून जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्यांतही सरकारी जागा साधारण निम्म्या. परीक्षेत ‘पात्र’ ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे पुष्कळ पालकांना निकालानंतर कळते. तेव्हा वीसांतील एकोणीस मुले आळशी होती किंवा त्यांचा विश्वास उणा पडला, असे कोणीही व्यासपीठावरून सुचवू नये. शिवाय बी.एस्सी. झालेल्याला एमबीबीएसमध्ये वर्षाची सूट नाही. पहिल्या वर्षापासून साडेचार वर्षे, वर एक वर्ष इंटर्नशिप. काही घरे जमीन गहाण टाकून मुलाला परदेशी पाठवतात. तिकडून पदवी घेऊन आल्यावर येथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि २०२४ च्या जून सत्रात त्या परीक्षेत पाचांतील साधारण एकच उत्तीर्ण झाला. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. सही करण्यापूर्वी बापाला ठाऊक असावे म्हणून सांगतो.

पण डॉक्टर नसलेल्या जीवशास्त्रज्ञाच्या हातून रोग्यांचे खरोखर काही भले होते काय? वर्गात हा प्रश्न येईलच. तेव्हा मुंबईची गोष्ट सांगावी. १८९६ साली शहरात प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन नावाचे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार करू लागले. ते डॉक्टर नव्हते. ओडेसा येथे प्राणिशास्त्र शिकलेले, पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत प्रथम ग्रंथालयात काम मिळालेले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबात एका बाटलीतील लस दूषित निघून १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि दोष त्यांच्यावर आला. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचेच नाव दिले गेले. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जण त्या लसीमुळे वाचले असतील, कोण मोजणार?

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. पुण्याच्या कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले, आणि लग्न केले ते गणितज्ञाशी. याच कमल रणदिवे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. शरीराबाहेर पेशी वाढवून अभ्यासण्याची प्रयोगशाळा उभारली, स्तनाच्या कर्करोगावर काम केले, आणि कुष्ठरोगाच्या जंतूवरील कामासाठी त्यांचा गौरव झाला. १९८२ मध्ये पद्मभूषण. कुष्ठरोग्यांची सेवा आपल्या मिशनांनी केली म्हणून आपण सांगतो, ते खरेच आहे. पण त्या जंतूशी सूक्ष्मदर्शकाखाली झुंजणारी ही बाई वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी न चढलेली होती.

अशी मोठी माणसे सगळ्यांना होता येत नाही, हे मान्य. आपल्या मुलांना सोमवारी सकाळी कोठे अर्ज करायचा ते हवे असते. तर ज्याला रोग्याच्या जवळ राहायचे आहे त्याने आधी प्रयोगशाळेकडे पाहावे. रक्त, लघवी, थुंकी यांच्या तपासणीवाचून आज कोणता डॉक्टर औषध लिहितो? बी.एस्सी.नंतर डीएमएलटी किंवा सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांत एम.एस्सी. करता येते. सुरुवातीचा पगार, खाजगी जागी विशेषतः, थोडा असतो आणि रात्रपाळी असते. हे लपवू नये. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचार करणारे, दृष्टितपासनीस अशा सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला, तेव्हा हे लोक म्हणजे दवाखान्यातील सांगकामे ही समजूत आता टाकून द्यावी. रोगी तपासण्यापेक्षा गावचे पाणी, लसीकरण, कुपोषण यांची तळमळ ज्याला आहे त्याला सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. पदवी आहे, आणि तिला डॉक्टरच असावे लागते असे नाही. आहारशास्त्र आहे. आनुवंशिक समुपदेशन हेही नवे क्षेत्र आहे. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातून सुरू झाली. रक्तदोष वाहणाऱ्या तरुण-तरुणींना लग्नाआधी शांतपणे समजावून सांगणारी माणसे त्या कामाला लागतात. इंदूर-बडोद्याकडील मंडळ्यांनी याची नोंद घ्यावी.

ज्याचे मन रोग्यांत नाहीच, त्याला डॉक्टरीत ढकलणे तर रोग्यावरही अन्याय! अशा मुलाला मोकळे करावे. एम.एस्सी.साठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षा आहेत. पुढे सीएसआयआर-नेटमधून संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये व वर घरभाडे. मिळणे कठीण, पण नीटइतके एकांगी नाही, कारण वाटेत मिळालेली एम.एस्सी. हातात राहते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राची पदवी चालते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र व जीवरसायनशास्त्राचे पदवीधर पात्र धरले जातात. नुसत्या प्राणिशास्त्राचे नव्हे, म्हणून जाहिरात नीट वाचावी. न्यायवैद्यक विज्ञानाच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे मुख्य केंद्र गांधीनगरला असून गोव्यातही शाखा आहे. आणि बी.एड. करून शाळेत जीवशास्त्र शिकवणे? याला आपण ‘काहीच जमले नाही म्हणून’ असे म्हणतो, आणि मग आपल्या मुलांना चांगला शिक्षक मिळत नाही म्हणून कुरकुरतो.

आपण राहतो त्या गावांकडे तरी डोळे उघडून पाहतो काय? बेळगावात पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे. हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे आणि पेशी व रेणूंचा अभ्यास करणारी सीसीएमबी आहे. डीएनएच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे तंत्र आपल्या देशात रुजवणारे लालजी सिंग याच सीसीएमबीचे, आणि तेही मूळचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी. इंदुरास सोयाबीन संशोधन संस्था. या संस्थांच्या फाटकावरून आपली मुले नीटच्या क्लासला जातात.

एक सावधगिरीची सूचना. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून मोठी फी घेणाऱ्या खाजगी पदविकाही पुष्कळ निघाल्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी मान्यता कोणाची आहे ते पाहावे आणि आधीच्या दोन वर्षांतील चार विद्यार्थ्यांना स्वतः भेटावे. संस्था भेट घालून देत नसेल तर उत्तर मिळाले असे समजावे.

आता कलस्सैकरांस पत्राकडे येऊ. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे हे वचन आपल्या घरांत पाठ असते. त्याच्या लगेच पुढचे वचन बापांसाठी आहे, आणि ते भिंतीवर टांगलेले मी अजून कोठे पाहिलेले नाही. दोन्ही वचने एकाच वेळी वर्गात मोठ्याने वाचावीत. तरुणांना सांगावे की आज्ञेत राहणे म्हणजे मनातले लपवणे नव्हे. चिलखत एकदा प्रामाणिकपणे घालून पाहा, अभ्यास करून परीक्षा द्या. पण किती वेळा देणार हे आधीच आईवडिलांशी बसून ठरवा, आणि दुसरी वाट कोणती ते कागदावर लिहून, खर्च व वर्षे मांडून त्यांच्यापुढे ठेवा. ‘मला डॉक्टर व्हायचे नाही’ एवढेच म्हटले तर बापाला समोर खड्डा दिसतो. पुढची वाट दाखवली तर तो निदान प्रश्न विचारू लागतो. पालकांनी मुलाचा अपयशाचा विषय नातेवाइकांत व उपासनेनंतरच्या गप्पांत काढू नये. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर प्रार्थना करावीच, आणि त्याच दिवशी १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोनही करावा. त्यात विश्वासाची उणीव मानू नये.

ती मुलगी आज सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. रक्तात कोणता जंतू वाढतो आणि त्यावर कोणते औषध चालेल हे ती रात्री शोधते, सकाळी डॉक्टर त्याप्रमाणे औषध बदलतात. वडील मात्र अजून विचारणाऱ्याला “दवाखान्यात असते” एवढेच सांगून थांबतात, आणि समोरचा काय समजायचे ते समजतो. मी त्यांना टोकत नाही. नाताळात तिने आजीच्या फोटोशेजारी आपला पांढऱ्या कोटातील फोटो लावला, तो त्यांनी काढलेला नाही.

वर्गात चर्चेसाठी : चिलखत उतरवताना दावीद शौलाशी काय बोलला आणि काय बोलला नाही, ते ३९ व्या वचनात शोधा. तुमच्या घरात ‘डॉक्टर’ या शब्दामागे मान, शाश्वती, सेवा यांपैकी काय आहे, हे पालक व मुलांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग अदलाबदल करावी. आपल्या मंडळीत प्रयोगशाळेत, क्ष-किरण विभागात, शाळेत, वनखात्यात, शेती संशोधनात काम करणारे कोण कोण आहेत, त्यांची यादी वर्गानेच करावी. त्यांतील दोघांना पुढच्या रविवारी बोलवावे, आणि पगार किती हा प्रश्न विचारण्यास मुलांना मनाई करू नये.